बंदी म्हशीला नव्हती

मालुबाईंनी मला आजवर तीन वेळा चारचौघांत झापलं आहे. तिन्ही वेळा त्या बरोबर होत्या, आणि तिन्ही वेळा मला त्यांचा इतका राग आला की घरी जाऊन मी भांडी आपटली. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. खात्याने शाल घातली, फोटो काढला आणि प्रमाणपत्रावर एका ओळीत त्यांचं आयुष्य उरकून टाकलं. ‘एकतीस वर्षे समाधानकारक सेवा.’ ही ओळ वाचल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

समाधानकारक म्हणे. कोणाचं समाधान? मालुबाईंनी एकतीस वर्षांत कुणाला समाधानाने बसू दिलेलं नाही, मला तर नाहीच.

मी प्रियदर्शनी. आमचं घर इथे सीमाभागात, खडेबाजारात, वडील वकील. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी बालमानसशास्त्र शिकवते. आईच्या पोटात असल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत माणूस आतून कसा घडत जातो, त्याचे टप्पे मला झोपेत उठवलं तरी सांगता येतात. मालुबाईंना एकही टप्पा सांगता येणार नाही. त्या पिरनवाडीच्या अंगणवाडीच्या बाई. त्यांना पिरनवाडीतली पोरं पाठ आहेत. कोण कधी पालथं पडलं, कोण चुलत्याला बघून चड्डीत मुततं, कुणाच्या आईने बाळंतपणानंतर दोन महिने पोराचं तोंड बघितलं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

त्यांची एक रीत मी आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. अंगणवाडीत गरोदर बाईची ओटी भरतात. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, वर पाठवायला एक फोटो, की कार्यक्रम संपला. मालुबाईंचा कार्यक्रम तिथून पुढे सुरू व्हायचा. त्या नवऱ्याला आणि सासूला मुद्दाम बोलावून घ्यायच्या, त्या बाईच्या समोर पाटावर बसवायच्या आणि विचारायच्या, “ह्या म्हैन्यात हिला काय काय बोललासा, ते हितं सांगायचं. सगळं.”

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. नवरा घामाने भिजायचा. एखादा म्हणायचा, मी काहीच बोललो नाही. मग मालुबाई त्याच्या जवळ जाऊन सांगायच्या, “पोटातल्या पोराला आता ऐकू यायलंय. तू वरडतोस तवा कसा आवाज काढतोस ते त्येला म्हाईत झालंय. आता गप चांगलं चार शब्द बोल, त्ये बी म्हाईत होऊंदे.” आणि तो बाप्या खरंच, लाजत, जमिनीकडे बघत, बायकोच्या पोटाशी चार शब्द बोलायचा. माझ्या पुस्तकात हे सगळं आहे, सहाव्या महिन्यानंतर बाळाला आवाज कळू लागतात वगैरे. मी ते सतरा वर्षं शिकवते आहे. एकाही नवऱ्याला मी कधी पाटावर बसवलेलं नाही.

नागेंद्र असाच पाटावर बसला होता. हा मूळचा खानापूरकडच्या खेड्यातला, उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. बायको बेबी सातव्या महिन्यात, शेजारी त्याची आई अक्काताई. मालुबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. नागेंद्र म्हणाला, “मी हिला कवाच वरडत न्हाय बाई. पन एक ठरवलंय. माज्या पोराच्या कानावर मराठी पडू द्यायची न्हाय.”

सगळ्या बाया हसल्या. मालुबाईही हसल्या. “तवाच त्येचं मानगूट धराय पायजे हुतं,” असं त्या आजही म्हणतात, आणि म्हणताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतात.

नागेंद्र चेष्टा करत नव्हता. काही महिन्यांपूर्वी तो एका ऑफिसात घराच्या कागदासाठी गेला होता. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा होता. त्याने लिहिला, चुका झाल्या, आणि तिथल्या कारकुनाने तो अर्ज रांगेतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. लोक हसले. रांगेत अर्धे मराठीच होते, तेही हसले. नागेंद्र घरी आला आणि त्याने जाहीर केलं की आपलं पोर असं रांगेत उभं राहून हसं करून घेणार नाही. घरात फक्त कन्नड आणि इंग्रजी. मराठी बंद. मला नागेंद्रचा राग आहेच, पण त्या कारकुनाचा त्याहून जास्त आहे. त्याला घरी जाऊन जेवणही गोड लागलं असेल.

पोर झालं, मुलगी, दिपाली. आणि बंदी सुरू झाली. आता हे बघा, बेबीला कन्नड येत होतं ते बाजारापुरतं. बा, कूडु, ऊटा माडु, मलगु. म्हणजे ये, बस, जेव, झोप. अक्काताईंना तेवढंही येत नव्हतं. नागेंद्र सकाळी सातला कामावर जायचा आणि जाताना दोघींना बजावायचा. दोघी बिचाऱ्या प्रामाणिक. पोरीच्या भल्यासाठीच तर चाललंय सगळं, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या पोरीसमोर बोलेनाशाच झाल्या. आजीने अंगाई गायली नाही. आईने न्हाऊ घालताना लटकं रागावणं नाही, कुणाच्या घरची भांडणं पोरीला मांडीवर घेऊन सांगणं नाही. बा, कूडु, ऊटा माडु, मलगु. राहिलेला वेळ मोबाइलवर इंग्रजी गाणी. तीन माणसांच्या बोलक्या घरात चार वर्षं एक मूल शांततेत वाढवलं गेलं, आणि वाढवणाऱ्यांना वाटत होतं की आपण त्याला दोन भाषा देतोय.

दिपाली चार वर्षांची झाली तरी बोलेना. अंगणवाडीत यायची, कोपऱ्यात बसायची, कुणी अंगावर आलं तर डोळे मिटून घ्यायची. आता इथे मी येते.

पिरनवाडीच्या शाळेत तपासणी शिबिर होतं. मुलांची बुद्धी तपासायला म्हणून मला बोलावलेलं. माझ्याजवळ चित्रांची पेटी होती. रांगेत साठेक पोरं. नागेंद्र दिपालीला घेऊन आला. मी नियमाप्रमाणे विचारलं, घरची भाषा कोणती? तो म्हणाला, कन्नड. मी लिहून घेतलं. पोरीचं नाव, आडनाव, आईचं नाव, सगळं समोर होतं. मी स्वतः मराठी. तरी मी लिहून घेतलं, कारण नियमात पालक सांगतील ती भाषा असं आहे, आणि मागे अजून चाळीस पोरं होती. मी विमानाचं चित्र दाखवलं. “इदु एनु?” म्हणजे हे काय? दिपाली माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सफरचंद दाखवलं, सिंह दाखवला, टेलिफोन दाखवला. मग तेच इंग्रजीत. दहा-बारा मिनिटं. मी लिहिलं, भाषा विकास नाही, बौद्धिक वाढ वयाच्या निम्मी, विशेष शाळेची शिफारस. सही केली. खाली तारीख घातली.

मालुबाई दारात उभ्या होत्या. कागद नागेंद्रच्या हातातून घेऊन त्यांनी वाचला आणि सगळ्या शिबिरासमोर मला म्हणाल्या, “तुमी हिला तपासलासा व्हय? हिच्या घरला गेलतासा? हिच्या संगट कोन बोलतंय का न्हाय, त्ये इचारलासा?”

मी म्हटलं, हे शास्त्रीय पद्धतीने केलंय. त्या म्हणाल्या, “शास्त्रात घर नसतंय काय?”

मी घरी आले आणि भांडी आपटली.

आठेक दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी गेले, कारण न जाणं जास्त लाजिरवाणं झालं असतं. त्या मला नागेंद्रच्या घरी पुढच्या दाराने न नेता परड्यातून मागे घेऊन गेल्या. तिथे म्हशीचा गोठा होता. मालुबाईंनी तोंडावर बोट ठेवून मला दाराशी उभं केलं.

गोठ्यात अक्काताई शेण काढत होत्या आणि म्हशीशी बोलत होत्या. सारख्या, अखंड. पोराने पोरीशी बोलायला बंदी केली होती, म्हशीशी नाही. चार वर्षांचं साठलेलं सगळं बोलणं ती बाई म्हशीपाशी मोकळं करत होती. सून कशी वाळली, भाऊबंदांनी बांध कसा कोरला, गुडघा कसा ठणकतोय. थोड्या वेळाने त्या पाटी घेऊन बाहेर गेल्या. मग गवताच्या भाऱ्यामागून दिपाली उठली. म्हशीच्या पुढ्यात गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “सर गं बाय. दमलीस व्हय? गुडघा दुकतोय? आता वैरन खा आनि गप पड. माज्याबी मागं लई काम हाय.”

वाक्यावर वाक्य. प्रश्न होते, माया होती, आजीचा सुस्कारासुद्धा होता. वयाच्या निम्मी नव्हे, त्या पोरीची भाषा वयाच्या पुढे होती. तेवढ्यात तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिने डोळे मिटून घेतले. अक्काताई मागून आल्या. मला बघून आधी घाबरल्या, मग नातीला जवळ घेऊन हळूच म्हणाल्या, “भिऊ नगो. ह्या बाई कागद बदलनार हाईत तुजा.”

मी मान हलवली.

आणि कागद बदलला नाही. हे लिहिताना आज मला लाज वाटते आणि संताप येतो. कागद बदलायचा म्हणजे वर लिहून द्यायचं की माझी तपासणी चुकली. माझ्या बढतीचं वर्ष होतं. मी स्वतःला सांगितलं की पुढच्या शिबिरात रीतसर पुन्हा तपासू, म्हणजे कुणालाच काही म्हणायला नको. पुढचं शिबिर पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. मालुबाईंचे दोन निरोप आले. मी म्हटलं, बघते.

तिकडे मालुबाईंनी त्यांच्या परीने आघाडी उघडली. रोज दुपारी त्या नागेंद्रच्या घरात जाऊन बसायच्या आणि दिपालीदेखत अक्काताईंशी मोठमोठ्याने मराठीत गप्पा मारायच्या. नागेंद्रला कळलं. त्याने तक्रार केली की अंगणवाडीच्या बाई घरात घुसून भाषेचं राजकारण करतात. सीमाभागात एवढं वाक्य पुरतं. वरून नोटीस आली. नोटिशीची बातमी फुटली, तशी दुसऱ्या बाजूची पोरं हार आणि फेटा घेऊन अंगणवाडीत हजर. ताई, तुम्ही मराठीची शान, एक फोटो होऊ द्या. मालुबाईंनी त्यांना खराट्याने हाकललं. “माजं भांडन भाषेचं न्हाय रं मुडद्यांनो. मी सकाळी कन्नडच शिकवतोय हितं पोरास्नी, आनि ग्वाड भाषा हाय ती. आईनं ज्या भाषेत चिडता येतंय, रडता येतंय, त्या भाषेत पोरासंगट बोलावं, येवढंच म्हंतोय मी.” दोन्ही बाजूंना हे पटलं नाही. फलक रंगवायला सगळे तयार होते, गोठ्याच्या दाराशी जाऊन ऐकायला एकही आला नाही.

पाचव्या वर्षी नागेंद्रने दिपालीला शहरातल्या कॅम्प भागातल्या एका शाळेत नेलं. तिथे त्यांनी माझा कागद बघितला आणि प्रवेश नाकारला. मग त्याने कागदात लिहिलं होतं तेच केलं. दूरच्या जिल्ह्यात मतिमंद मुलांची निवासी शाळा होती, तिथे पोरीला ठेवून आला. येताना वाटेत तो रडला, असं बेबी सांगते. माझं त्या वर्षी प्रमोशन झालं.

नऊ महिन्यांनी, एका सकाळी, मी वर्गात बालपणातला भाषाविकास शिकवत होते. फळ्यावर तक्ता काढला होता. मालुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पायात चिखल, हातात पिशवी. त्या रात्रभर बसने प्रवास करून त्या निवासी शाळेतून थेट आल्या होत्या. दिपालीला भेटून आल्या होत्या. मी म्हटलं, तास संपल्यावर बोलू. त्या आत आल्या आणि माझ्याऐवजी चाळीस पोरापोरींकडे तोंड करून बोलल्या.

“ह्या बाई तुमास्नी जे शिकवायल्यात ते समदं खरं हाय. नीट लिवून घ्या. फकस्त एक पोरगी ह्येंनी गोठ्यात बोलताना ऐकलीया, आनि ऐकून गप बसल्यात. ती पोरगी आता कुनासंगटबी बोलत न्हाय. मला बघून डोळं मिटून घेतली तिनं.”

खाली बसलेल्यांपैकी एका मुलीने वहीत खरंच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी मी पत्र लिहिलं. माझी तपासणी चुकीची होती, जबाबदारी माझी. चार ओळींचं पत्र. चार ओळी लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. बढती कुणी काढून घेतली नाही, कुणी जाबही विचारला नाही. ज्याची मी एवढी भीती घेतली होती ते काही घडलंच नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

दिपाली परत आली तेव्हा गोठा रिकामा होता. मधल्या काळात म्हैस विकली होती. पोरगी गोठ्यात गेली, दावणीपाशी बसली आणि उठेना. त्या संध्याकाळी अक्काताई नागेंद्रसमोर उभ्या राहिल्या. “आता मी बोलनार. तुला नगो असंल तर मला घरातनं काढ.” बंदी उठली ती अशी. मालुबाई रोज सकाळी दिपालीचा हात धरून तिला रवळूच्या गोठ्यात नेऊन उभं करायच्या. रवळू शेजारीच राहायचा, दोन म्हशी होत्या त्याच्याकडे. तिथे दिपाली पहिला शब्द बोलली तो पाचव्या महिन्यात. माणसांशी बोलायला आणखी वर्ष गेलं.

मग शाळेत गेली आणि कन्नड तिला एका वर्षात आलं. येणारच होतं. आज ती पंधरा वर्षांची आहे, दहावीला, कन्नडमध्ये वर्गात पहिली. पण नवीन माणसासमोर आजही तिचं पहिलं वाक्य अडतं. मुठी वळतात, डोळे मिटतात, मग शब्द येतो. गेल्या वर्षी नागेंद्र तक्रार घेऊन मालुबाईंकडे गेला. पोरगी उलट बोलते, दार आपटते, तुम्ही मला विचारून केलं होतं का सगळं, असं तोंडावर म्हणते. मालुबाईंनी त्याच्या हातावर कुंद्याची मिठाई ठेवली. “खा. धा वर्सं वाट बघालतो ह्याची. ह्या वयात पोरीनं बापाला जाब इचारायचाच असतोय. तुजी इचारायली म्हंजे ती नीट हाय.” नागेंद्रने कुंदा हातात तसाच धरून ठेवला.

आणि गेल्या महिन्यात तो निरोपाचा कार्यक्रम झाला. मंडप, शाल, सुपरवायझरांचं भाषण. मलाही बोलायला सांगितलं. मी उठून मालुबाईंचं कौतुक सुरू केलं. कसं त्यांच्याकडून शिकलो, कसं शास्त्र आणि अनुभव हातात हात घालून वगैरे. खुर्चीतून त्यांचा आवाज आला.

“माजं ऱ्हाऊंदे बाई. त्या पोरीला कवा भेटलासा काय? तिला काय म्हटलासा काय?”

माईक चालू होता. सगळ्या मंडपाने ऐकलं. दहा वर्षांत मी दिपालीला एकदाही भेटले नव्हते. तिची प्रगती मालुबाईंकडून ऐकायची आणि बरं वाटून घ्यायचं, एवढंच मी करत आले होते.

मी खाली उतरले. दिपाली मागे, जेवणाच्या पंगतीसाठी पत्रावळी मांडत होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मी प्रियदर्शनी. तू चार वर्षांची असताना मीच तुझा तो कागद...”

तिच्या मुठी वळल्या. डोळे मिटले. मी थांबले. मला घाई नव्हती. त्या वेळी होती.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तुमी गोठ्याच्या दारात हुतासा. आज्जी म्हनाली, ह्या बाई कागद बदलनार हाईत.”

“हो.”

“तिथं शाळेत खिडकीतनं फाटक दिसत हुतं. मी रोज बघायचे.” तिने हातातली पत्रावळ खाली ठेवली. “आई, आज्जी, कुनाचीच न्हाय. मी तुमची वाट बघायचे.”

मग ती पुढच्या पत्रावळी मांडायला लागली. मी तिथेच उभी होते. तिला वाट करून द्यायला मला बाजूला सरावं लागलं.